साळवेकाकांची ड्युटी

साळवेकाकांची आणि माझी पहिली भेट अंधारात झाली. आम्हाला विश्रांतवाडीला राहायला येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. भाजीची पिशवी सांभाळत, मोबाइलमध्ये बघत मी लिफ्टमध्ये शिरले, दार लागलं, लिफ्ट निघाली आणि वीज गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी आम्ही लटकलो. ‘आम्ही’ हे मला नंतर कळलं. त्या क्षणी माझी पक्की समजूत होती की लिफ्टमध्ये मी एकटीच आहे. मग माझ्या मनगटावर दोन गार बोटं टेकली आणि कानाशी अगदी शांत आवाज आला, "माझं नाव प्रभाकर. मी तुमच्यासोबत आहे. तुम्हाला तुमचं नाव सांगता येईल?"

मी जी किंकाळी फोडली ती खाली फाटकाशी बसलेल्या वॉचमनलाही ऐकू गेली. बोटं मात्र जागची हलली नाहीत.

"उत्तम," आवाज म्हणाला. "श्वास मोकळा आहे."

वीज आली तेव्हा समोर सत्तरीचे, किडकिडीत, पांढऱ्या बुशशर्टातले एक गृहस्थ घड्याळाकडे बघत माझी नाडी मोजत उभे होते. कोपऱ्यात ते आधीपासूनच असणार. मला दिसले नव्हते, एवढंच.

"एकशे बारा," ते म्हणाले. "घाबरलात थोड्या."

"घाबरायचं कारण अजून माझ्या मनगटावर आहे," मी म्हणाले.

त्यांनी हात काढून घेतला, तिसऱ्या मजल्यावर माझ्यासाठी दार धरलं आणि आमच्या शेजारच्या फ्लॅटचं कुलूप उघडून आत गेले. मी बराच वेळ आमच्याच दारासमोर किल्ली शोधत होते. किल्ली हातात होती.

प्रभाकर साळवे. टेलिफोन खात्यातून निवृत्त. तरुणपणी रात्रंदिवस ट्रंक कॉल जोडून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की कितीही चिडलेला माणूस लाइनवर थांबून राहील. त्यांची बायको, नलिनीकाकू, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. आम्ही इथे आलो त्याच्या आधीची ही गोष्ट, त्यामुळे मी त्यांना कधी पाहिलं नाही. मुलगा खराडीला आयटीत. बाबा एकटे पडले, त्यांचं मन रमावं म्हणून त्याने भला मोठा टीव्ही आणून भिंतीवर लावून दिला. ते मन नको इतकं रमलं.

काका बातम्या बघत नसत, मालिका बघत नसत, क्रिकेटसुद्धा नाही. ते फक्त परदेशातल्या रुग्णवाहिकांचे माहितीपट बघत. अपघात झाला, फोन आला, गाडी निघाली, हेलिकॉप्टर उतरलं, लाल-पिवळ्या कपड्यांतली माणसं धावली, अशा धर्तीचे. त्यातल्या डॉक्टरांना, नर्सना, गाडी चालवणाऱ्यांना ते नात्यातल्या माणसांसारखे ओळखत. "एमाताई आता हेलिकॉप्टरवर नसतात, त्यांची बदली झाली," असं ते जिन्यात भेटल्यावर सांगत, आणि मला उगाचच वाटे की आपण एमाताईंना निरोपाचं काहीतरी द्यायला हवं होतं.

"त्यांचं शांतपण बघा तुम्ही," ते म्हणायचे. "माणूस समोर चेंदामेंदा होऊन पडलाय, पण एकजणही ओरडत नाही. आपल्याकडे गॅसचा सिलेंडर आला तरी याहून जास्त आरडाओरडा होतो. आणि पहिलं काम काय करतात, तर गुडघे टेकून स्वतःचं नाव सांगतात. मी अमुक, मी तुमच्यासोबत आहे. आधी नाव, मग नाडी."

आधी नाव, मग नाडी. हे ते जगले. पेपरवाल्याला, कुरिअरवाल्याला, मीटर बघायला आलेल्या माणसाला, सगळ्यांना त्यांनी स्वतःचं नाव सांगून धीर दिला. मीटरवाला दर महिन्याला येई आणि दर महिन्याला त्याला कळे की प्रभाकर त्याच्यासोबत आहे. पुढे पुढे तो आमच्या मजल्यावरचं रीडिंग अंदाजाने लिहायला लागला.

मी शनिवार पेठेतल्या एका ग्रंथालयात नोकरी करते. गुरुवारी सुट्टी. लिफ्टमधल्या भेटीनंतरच्या पहिल्याच गुरुवारी दुपारी, जेवून जरा आडवी झाले तर भिंतीतून आवाज आला. अगदी संथ, स्पष्ट. "डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा. गाडी निघाली आहे. दादा, हलायचं नाही, मान धरून ठेवली आहे. श्वास घ्या. घ्या. घ्या ना." मग बराच वेळ काही नाही. मग त्याच आवाजात, "गेले."

मी उठून बसले. पलीकडे एकटा माणूस राहतो हे मला माहीत होतं. मग हा कुणाशी बोलत होता, आणि गेलं कोण?

"रोजचं आहे हे," शेजारच्या कॉटवरून आई म्हणाली. आईला सगळे माई म्हणतात, मीसुद्धा. वय चौऱ्याऐंशी. आयुष्य शनिवार पेठेत काढल्यामुळे विश्रांतवाडी पुण्यात येते हे तिला मान्य नाही. "रोज दुपारी एका जणाला मारतो. तू नसतेस, मी ऐकते." आणि तिने काठी उचलून भिंतीवर सात-आठ दणके दिले. हेही रोजचंच असावं, कारण भिंतीला तिथे खळगा पडला होता.

पुढच्या गुरुवारी तीच वेळ, तोच आवाज, तीच वाक्यं. डोळे मिटू नका. दादा, हलायचं नाही. घ्या ना. आणि बरोबर तेवढ्याच शांततेनंतर, "गेले." एकच माणूस दोनदा कसा जाईल? मला राहवेना. मी जाऊन बेल दाबली.

काकांनी दार उघडलं. पडदे ओढलेले, खोलीत फक्त टीव्हीचा निळा उजेड. "या ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "आत्ताच गेले."

"कोण?"

त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. पडद्यावर एका ओल्या हिरव्या माळावर पाच-सहा माणसं माना खाली घालून उभी होती, मधे पांढऱ्या चादरीखाली कुणीतरी. काका त्यांच्याबरोबर उभे राहिले. मग मीही राहिले, कारण तसं बसून घेणं बरं दिसेना. मधल्या टेबलावर चहाचे दोन कप होते. एक रिकामा, दुसरा भरलेला, साय धरलेला.

"कुणी आलं होतं का?" मी विचारलं.

"छे. ड्युटी संपली की ही माणसं चहा घेतात. मीही घेतो."

रिकामा कप त्यांनी उचलला, भरलेला तसाच ठेवला.

सोसायटीला काकांची ओळख नोटीस बोर्डावरून होती. पाणी कधी येणार, टाकी कधी धुणार, यांच्यामध्ये एक दिवस सुवाच्य अक्षरात कागद लागला. ‘दुःखद निधन. श्री. जॉर्ज, वय ७१, राहणार इंग्लंड, यांचे आज दुपारी हेलिकॉप्टरमध्ये नेण्यापूर्वीच निधन झाले. टीमने शेवटपर्यंत प्रयत्न केले. प्र. साळवे.’ खाली कुणीतरी पेन्सिलने लिहिलं, ‘कुठली विंग?’ त्याच्या खाली दुसऱ्याने, ‘त्यांचं पार्किंग रिकामं झालं का?’ आमचे सेक्रेटरी नोटीस पुरती वाचत नाहीत. त्यांनी महिन्याच्या सभेत कै. जॉर्ज यांना श्रद्धांजली वाहून दोन मिनिटं सगळ्यांना उभं केलं, आणि सभासद उभे राहिले. महिन्याभराने तोच भाग पुन्हा दाखवला, तीच नोटीस पुन्हा लागली. या वेळी खाली लाल शाईत शेरा होता, ‘हे गेल्या महिन्यातच वारले आहेत.’

इथवर हसण्यासारखं होतं. जिन्यातलं प्रकरण घडलं तेव्हा मात्र माझं हसणं थांबलं.

एका गुरुवारी दुपारी मी दळण घेऊन जिन्याने वर येत होते. लिफ्ट बंद. सगळी इमारत झोपलेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वरून काहीतरी घसटत येत असल्याचा आवाज आला. एक पायरी, थांबणं, एक पायरी. मी वर पाहिलं. साळवेकाका पाठमोरे, वाकलेले, एक पाय पायरीवर चाचपत खाली येत होते, आणि त्यांच्या हातात चादरीत गुंडाळलेल्या माणसाचे खांदे होते. डोक्याकडचा भाग शालीने नीट झाकलेला. पाय पायऱ्यांवर आपटत होते.

माझ्या हातातला डबा सुटला. पीठ जिनाभर झालं.

"घाबरू नका," काका वळून म्हणाले. "गादीची गुंडाळी आहे. आत तांदळाच्या पिशव्या भरल्यात. आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, ताई. मी मापं घेतली आहेत. उद्या कुणाला काही झालं तर जिन्यानेच न्यावं लागणार. या वळणावर अडकतं. अडीच इंच कमी पडतात."

"पण हे कोण आहे?" मी विचारलं. काय आहे असं विचारायचं होतं.

काकांनी गुंडाळीकडे पाहिलं. "काल हे सेक्रेटरी होते. आज तुमच्या माई आहेत. तीस किलो कमी केले."

मी त्या शालीकडे बघतच राहिले. गादीला शाल कशाला, हे मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, की जिन्यात गारवा असतो.

ही हकिगत मी माईला सांगायला नको होती. तिने त्या दिवसापासून काकांना उंबरठ्याच्या आत यायची बंदी केली. "तो माझं माप घेऊन गेलाय," ती म्हणायची. "परवा दारातून मला म्हणाला, माई, तुम्ही न्यायला फार सोप्या आहात. कुठे न्यायला? मेल्याला सांग, मी अजून कुठे निघालेली नाही." भिंतीवरचे दणके वाढले. काका पलीकडून नम्रपणे आवाज कमी करत, पण बोलणं थांबवत नसत.

मी त्यांना एकदा सरळ विचारायचं ठरवलं. पुन्हा जॉर्जचाच भाग लागला होता. काका टीव्हीसमोर पुढे सरकून, हात गुडघ्यांवर ठेवून त्याला मराठीत धीर देत होते.

"काका, तो इंग्लंडचा माणूस आहे. त्याला तुमचं काय कळणार?"

"त्या अवस्थेत कुठली भाषा कळते, ताई? आवाज कळतो."

"पण तो आता जाणार. तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही हा भाग पाच वेळा पाहिलाय."

"माहीत आहे ना," काका म्हणाले. "पण तो परत घाबरणारही आहे."

 पडद्यावर जॉर्जने डोळे फिरवले, कुणीतरी त्याच्या गालाला हात लावला. काका त्याच्याकडे बघत बोलू लागले. आवाज तोच, ट्रंक कॉलचा, चढ नाही, उतार नाही.

"नलूला नेलं तेव्हा मी खाली फाटकाशी उभा होतो. पांढऱ्या सूटमधले दोघंजण आले. चेहरे नाहीत. बरोबर कुणाला येऊ देत नव्हते. तिला आत घेतलं, दार लावलं आणि गाडी वळून गेली. नवव्या दिवशी फोन आला. तिला परत दाखवलं नाही आम्हाला. मधल्या दिवसांचं मला काही माहीत नाही. दार लागल्यावर आत काय होतं, हे मला कुणी सांगितलं नाही, ताई. ते इथे दाखवतात."

टीव्हीत माणसं माना खाली घालून उभी राहिली. काका उठून उभे राहिले.

"हे लोक किती छान बोलतात बघा. नाव सांगतात, हात धरतात. तिच्या गाडीतही कुणी बोललं असेल का तिच्याशी? एवढंच. ती वाचायला हवी होती वगैरे मी म्हणत नाही. पुष्कळ माणसं गेली. पण ती फार घाबरट होती. अंधाऱ्या खोलीत एकटी जायची नाही. तिच्याशी कुणी बोललं की नाही, एवढं जर मला कळलं तर बरं होईल."

त्यानंतर मी माईची काठी तिच्या उशापासून लांब, कपाटाशी ठेवायला लागले. तिने ती रांगत जाऊन परत आणली. आमच्या घरात दया दाखवायची म्हणजे अशी धावपळ असते.

आणि एके दिवशी, सोमवारी, मी ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं लावत असताना फोन वाजला.

"ताई, मी साळवे बोलतोय. मी माईंजवळ आहे. त्यांना श्वास लागलाय, पण शुद्धीवर आहेत. गाडी निघाली आहे. तुम्हीही निघा. सावकाश चालवा."

गाडी निघाली आहे. हे वाक्य मी भिंतीतून कितीतरी वेळा ऐकलं होतं आणि कुठलीही गाडी कधी निघालेली नव्हती. स्कूटर सुरू करताना किल्ली दोनदा खाली पडली.

घडलं ते असं. माईने नेहमीसारखी भिंतीवर काठी मारली. पण दोनदाच. काका नेहमीच्या सात-आठ दणक्यांची वाट बघत थांबले, ते आले नाहीत. पलीकडे जॉर्जला तसाच माळावर सोडून ते उठले. आमची एक किल्ली त्यांच्याकडे असे, ती मी माईला न सांगता दिली होती. आत माई कॉटच्या कडेला वाकून बसली होती, ओठ निळे पडलेले, काठी जमिनीवर.

मी पोचले तेव्हा रुग्णवाहिका फाटकाशी उभी होती आणि माईला खाली आणत होते. स्ट्रेचरवर नव्हे. गाडीबरोबर आलेल्या दोघांनी आमच्या जिन्याकडे एकदा पाहिलं, स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, माईला तिच्यात चादरीने बांधलं आणि चार मिनिटांत खाली उतरवलं. काकांची मापं, तांदळाच्या पिशव्या, अडीच इंच, सगळं तिथेच राहिलं. "बाजूला व्हा काका," एवढंच त्यांना सांगण्यात आलं. पण त्यांना बाजूला होता येईना, कारण माईने त्यांचा हात धरला होता आणि ती सोडायला तयार नव्हती. ज्या माणसाला तिने घरात घ्यायचं नाही म्हणून शपथ घातली होती, त्याची बोटं तिने पांढरी पडेपर्यंत आवळली होती.

"पेशंटबरोबर एकच जण," ड्रायव्हर म्हणाला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग उघड्या दाराकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. माईच्या मुठीतून ते आपलं एकेक बोट सोडवायला लागले.

रुग्णवाहिकेत पेशंटची काळजी घ्यायला असलेल्या मुलीने ते बघितलं. "बसा दोघंही," ती त्रासून म्हणाली. "लवकर बसा फक्त."

आम्ही आत शिरलो. दार लागलं. दार लागल्याबरोबर काका जे स्तब्ध झाले ते मी विसरणार नाही. आत औषधांचा वास, बारीक हिरवा उजेड, डोक्यावर लोंबणाऱ्या नळ्या. काका श्वास रोखून एकेक गोष्ट पाहत होते, आणि मला एकदम जाणवलं की ते माझ्या आईच्या शेजारी बसलेले नाहीत. क्षणभर मला भीती वाटली, माईसाठी नव्हे, त्यांच्यासाठी.

गाडी आळंदी रस्त्याला लागली. मुलगी पंचवीस-सत्तावीसची असेल, डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. ती माईच्या तोंडावर मास्क बसवत होती.

"तुमचं नाव काय?" काकांनी विचारलं.

तिने मान वर केली. "कशाला? तक्रार करायचीय?"

"नाही, नाही. माईंना सांगायला."

ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. आजवर नाव विचारणाऱ्या प्रत्येकाने पुढे ऑफिसला फोन केला असणार, असा तो चेहरा होता. मग ती माईच्या कानाशी वाकली. "आजी, मी रेश्मा. मी आहे तुमच्याजवळ. मास्क काढायचा नाही, बरं का."

"ऐकू येतंय मला," मास्कच्या आतून माई म्हणाली. "ओरडू नकोस."

मी इतक्या वेळात पहिल्यांदा नीट श्वास घेतला. काकांनी मात्र रेश्मावरची नजर काढली नाही.

"हे तुम्ही नेहमी सांगता का? प्रत्येकाला?"

ते काय विचारताहेत हे मला तत्काळ कळलं. हो म्हण, मी मनात म्हणाले. बाई, खोटं बोल, पण हो म्हण.

"रोज कुठं जमतंय, काका," रेश्मा नाडी बघत म्हणाली. "कधी कधी पेशंटचंसुद्धा नाव विचारायचं राहतं. एक सोडला की दुसरा कॉल."

काकांनी मान हलवली. दोनदा, समजल्यासारखी. मला त्या मुलीचा इतका राग आला की काय सांगू. खरं बोलणाऱ्या माणसांचा मला एरवी आदर वाटतो.

"कोरोनात होता का तुम्ही कामावर?" काकांनी विचारलं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पुरे आता, असं मला म्हणायचं होतं.

"तेव्हाच तर लागले. नवीनच होते."

"तेव्हा? त्या सूटमध्ये? तेव्हा बोलायचात पेशंटशी?"

"बोलून काय उपयोग. मास्कवर मास्क, त्यावर ती काच. आमचं आम्हाला ऐकू यायचं नाही." तिने माईच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा पाहिला, लिहून घेतला. "म्हणून मग आम्ही लिहायचो."

"काय लिहायचात?"

"नाव. इथं, छातीवर. मार्करनं, मोठ्या अक्षरात. मी रेश्मा, मी तुमच्याजवळ आहे. पेशंट फार घाबरायचे ना, चेहरा दिसायचा नाही कुणाचा. भूत बसल्यासारखं वाटायचं त्यांना. आमचे सर सूट घातल्यावर आधी ते तपासायचे. लिहिलं नसलं की गाडीत चढू द्यायचे नाहीत."

"सगळ्यांना लिहायला लावायचे?"

"आमच्या भागातल्या गाड्यांवर तरी सगळ्यांना."

"विश्रांतवाडीला यायच्या त्या गाड्या?"

"त्याच की."

काकांनी डोळे मिटले. सिग्नलला गाडी थांबली, सायरन चालूच होता, पुढच्या रिक्षावाल्याशी ड्रायव्हरची बोलाचाली झाली. काका तसेच. मला वाटलं यांनाच काहीतरी झालं. मी त्यांच्या दंडाला हलवलं तेव्हा ते म्हणाले, "मी बघितलंच नाही. मी नलूकडेच बघत होतो. आणि ते दोघं माझ्याकडे पाठ करून होते."

दवाखान्यात माईला आत घेतलं. तासाभराने डॉक्टरांनी येऊन सांगितलं, छातीत पाणी झालंय, काढतोय, आठवडाभर राहावं लागेल, पण घाबरण्यासारखं नाही. ती पुढे घरी आली आणि आता दवाखान्यातल्या चहाबद्दल जो ऐकेल त्याला सांगते. पण त्या वेळी बाहेरच्या बाकावर आम्ही दोघंच बसलो होतो. बाजूला कुणाचं तरी मूल रडत होतं, कॅन्टीनचा ट्रे जात-येत होता. काका आपली बोटं चोळत होते. माईच्या मुठीचे वळ अजून गेले नव्हते.

"ताई, मी एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही," ते म्हणाले. "मुलालासुद्धा नाही. नलूला ऐकू यायचं नाही. कानात मशीन घातल्याशिवाय अजिबात नाही. त्या दिवशी घाईत मशीन टेबलावरच राहिलं. गाडी गेल्यावर मी वर आलो तर समोर दिसलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारावर नेऊन दिलं, तिच्यापर्यंत पोचलं की नाही कुणी सांगितलं नाही. टीव्हीत ही माणसं इतकं सुंदर बोलतात ना, मला दर वेळी वाटायचं, हिच्या गाडीत कुणी बोललंही असेल. पण हिला ते ऐकूच आलं नसणार. माझ्यामुळे."

मी त्यांच्याकडे वळले. 

"आणि चष्मा?" मी विचारलं.

"चष्मा होता," काका म्हणाले. "चष्मा मी स्वतः पुसून लावून दिला होता तिला." मग त्यांचं बोटं चोळणं थांबलं.  "चष्मा असला की बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षरसुद्धा वाचायची ती. तारीख बघितल्याशिवाय पुडा घ्यायची नाही."

"मग छातीवर मार्करने लिहिलेलं वाचायला काय अवघड होतं," मी म्हणाले.

काकांनी खिशातून रुमाल काढला, तो नीट उलगडला, आणि त्या गजबजलेल्या बाकावर, माझ्या शेजारी बसून, इतक्या वर्षांचं रडून घेतलं.